नायगाऱ्याच्या वाटेवर: आई-बाबांना इतिहास आणि निसर्ग दोन्ही कसं दाखवू?

निळीशाई:

नमस्कार मंडळी. आई-बाबा सप्टेंबरात आमच्याकडे न्यू जर्सीला येताहेत. त्यांची ही दुसरी खेप. मागच्या वेळी न्यूयॉर्क, वॉशिंग्टन, डिस्ने सगळं झालं. परत जाताना बाबा विमानतळावर म्हणाले, "सगळं छान आहे गं, पण कालच रंग देऊन ठेवल्यासारखं. या लोकांचं जुनं काय आहे ते काही कळलं नाही."

बाबा वाईच्या शाळेत तीस वर्षं इतिहास शिकवत होते. पांडवगड, केंजळगड, कमळगड त्यांनी वर्गच्या वर्ग नेऊन दाखवलेत. त्यांचं ते वाक्य दोन वर्षं माझ्या डोक्यातून जात नाहीये.

या वेळी नायगारा ठरलाय, पाच दिवस हाताशी आहेत. सरळ गेलं तर सात तासांत पोचतो, आणि आम्ही दर वेळी तसेच गेलो. वाटेत पेट्रोल आणि कॉफी, बाकी काही नाही. पण त्या सात तासांच्या रस्त्यावर कुणी राहिलं असेल, लढलं असेल, काही बांधलं असेल ना? मला ते शोधायचंय. आईचे गुडघे दुखतात, तिला झाडं, शेती, बाजार आवडतो. तुम्ही कुठे थांबलात, काय बघितलंत, सविस्तर सांगा.

भटकभवानी:

वाचतेय. आमचे सासू-सासरे मेमध्ये येणार आहेत. वाचनखूण साठवली.

कोयनाकाठ:

तुमच्या बाबांचं बरोबर आहे. १७७६ साली जन्मलेला देश, त्याच्याकडे जुनं ते काय असणार? आपल्याकडे गावच्या देवळाच्या पायऱ्याही त्याहून जुन्या असतात. इथे निसर्ग अफाट आहे, तो बघावा. म्हाताऱ्या माणसांना घेऊन रस्त्यावरचे फलक वाचत बसलात तर नायगाऱ्याला पोचेपर्यंत रात्र होईल.

गडवाट:

@कोयनाकाठ, १७७६ साली सरकार जन्मलं, जमीन आणि माणसं नाही. मी सेंट लुईसला राहतो. इथून पलीकडे, मिसिसिपीच्या काठी इलिनॉयमध्ये कहोकिया आहे. इथल्या मूळ रहिवाशांनी मातीचे प्रचंड चौथरे बांधून वसवलेलं शहर. सगळ्यात मोठा चौथरा सुमारे १०० फूट उंच, आणि त्यातली सगळी माती माणसांनी टोपल्यांनी वाहून आणलेली. इ. स. १०५० ते १२०० च्या सुमारास ते ऐन भरात होतं, हजारोंची वस्ती होती. आपलं अंबरनाथचं शिवमंदिर १०६० चं. म्हणजे शिलाहारांचे पाथरवट तिकडे दगड घडवत होते तेव्हा इकडे हे लोक टोपल्या वाहत होते. १९८२ पासून ते जागतिक वारसा यादीत आहे.

मी पहिली आठ वर्षं त्याच्या बाजूने हायवेवरून जात होतो आणि मला वाटायचं, टेकडी आहे.

हडसनकाठ:

निळीशाई, तुमचा धागा बघून राहवलं नाही. मी एकोणीस वर्षं रोचेस्टरला राहते. माहेर न्यू जर्सीतलंच म्हणा ना, भाऊ एडिसनला आहे, त्यामुळे तुमचा रस्ता मला पाठ आहे. अगदी मनापासून सांगते: जाताना हडसनच्या बाजूने जा, येताना जेनेसी नदीच्या बाजूने या.

पहिला थांबा पोकीप्सी. तुमच्या घरापासून दोनेक तास. तिथल्या जुन्या दफनभूमीत आनंदीबाई जोशी यांच्या अस्थी आहेत. पुष्कळ मराठी लोकांना हे ठाऊकच नसतं. १८८३ मध्ये अठराव्या वर्षी त्या न्यूयॉर्क बंदरात उतरल्या, न्यू जर्सीतल्या रोझेलच्या थिओडिशिया कार्पेंटरबाईंनी त्यांना घरात ठेवून घेतलं, १८८६ मध्ये फिलाडेल्फियाच्या कॉलेजातून त्या एम. डी. झाल्या. पंडिता रमाबाई त्या पदवीदानाला हजर होत्या. पुढच्याच फेब्रुवारीत पुण्यात आनंदीबाई गेल्या, बाविसावं वर्षही पुरं झालं नव्हतं. त्यांच्या अस्थी इकडे पाठवल्या गेल्या आणि कार्पेंटर कुटुंबाच्या जागेत ठेवल्या. कचेरीत विचारलंत तर जागा दाखवतील.

त्याच गावात हडसनवर १८८९ चा रेल्वे पूल आहे. आता त्यावर गाड्या नाहीत, २००९ पासून तो चालायला खुला केलाय. सव्वा मैलाहून थोडा लांब, पाण्यापासून २१२ फूट उंच, आणि पूर्ण सपाट. आईच्या गुडघ्यांना काही त्रास नाही.

तिथून चार तासांवर ऑबर्न. हॅरिएट टबमन गुलामीतून पळाल्या, पुन्हा पुन्हा मेरीलँडला जाऊन आपल्या माणसांना सोडवून आणलं, आणि १८५९ पासून ऑबर्नला त्यांचं घर होतं. १९१३ मध्ये गेल्या त्याही तिथेच. ऑबर्नपासून पंधरा मैलांवर सेनेका फॉल्स. १९ आणि २० जुलै १८४८ ला तिथल्या वेस्लियन चॅपलमध्ये बायकांच्या हक्कांची परिषद भरली, शंभर जणांनी जाहीरनाम्यावर सह्या केल्या, ६८ बायका आणि ३२ पुरुष. त्या चॅपलमध्ये मधल्या काळात मोटारींचं दुकान होतं, लाँड्री होती. आता दुरुस्त करून उभं केलंय, जुन्या भिंतींचे जे तुकडे उरले ते तसेच ठेवलेत.

काकांना आवर्जून सांगा, १८४८. भिडे वाड्यातली मुलींची शाळाही त्याच सालची. दोन्हीकडच्या बायकांना एकमेकींचा पत्ता नव्हता.

निळीशाई:

हडसनकाठताई, हे वाचून मी चहा गार केला. आनंदीबाई माझ्या घरापासून दोन तासांवर आहेत आणि मी बारा वर्षं इथे राहते! रोझेल तर अर्ध्या तासावर.

खडकवेडा:

चांगला चाललाय धागा. निसर्ग वेगळा आणि इतिहास वेगळा असं धरून चाललात तर दोन्ही अर्धेच दिसतील, म्हणून एक गंमत सांगतो.

नायगाऱ्याच्या अलीकडे वीस मैलांवर लॉकपोर्ट नावाचं गाव आहे. ईरी कालवा तिथून जातो. १८१७ ते १८२५ या आठ वर्षांत, यंत्रांशिवाय, फावडी, सुरुंग आणि बैल-घोड्यांच्या जोरावर ३६३ मैल खणला. ४० फूट रुंद, ४ फूट खोल. सगळ्यात अवघड जागा लॉकपोर्ट, कारण तिथे कालव्यापुढे सरळ ६० फुटांचा कडा उभा राहिला. मग त्यांनी एकावर एक पाच लॉक बांधले. लॉक म्हणजे दारं लावलेला हौद. होडी आत घ्यायची, दार लावायचं, पाणी भरायचं, होडी वर. असं पाच वेळा. पाण्याचा जिनाच तो.

तो कडा कुठला? ज्यावरून नायगारा पडतो तोच. शेकडो मैल पसरलेली एकच धार आहे ती. वर कठीण डोलोमाइटचा थर, खाली ठिसूळ शेल. खालचा झिजतो, वरचा आधार सुटून कोसळतो, म्हणून धबधबा गेल्या सुमारे १२,००० वर्षांत सात मैल मागे सरकलाय. आणि त्या वरच्या कठीण थराचं भूशास्त्रातलं नाव आहे 'लॉकपोर्ट', याच गावावरून.

तेव्हा लॉकपोर्ट आधी बघा, नायगारा नंतर.

कोयनाकाठ:

कालवा माहीत होता, कडा एकच हे माहीत नव्हतं. कहोकियाचंही वाचलं. पण गडवाट, तुमच्या त्या चौथऱ्यावर आज कोण पूजा करतं? अंबरनाथला आजही लोक जातात. सलग चालत आलेला इतिहास वेगळा आणि उत्खननातून काढलेला वेगळा, हे माझं म्हणणं अजून तसंच आहे.

रानजाई:

@कोयनाकाठ, सलगच आहे, आपण विचारत नाही म्हणून दिसत नाही.

रोचेस्टरजवळ व्हिक्टर गावी गानोंडागन म्हणून जागा आहे. सेनेका या इथल्या मूळ रहिवाशांचं मोठं गाव होतं, १६८७ मध्ये फ्रेंचांच्या स्वारीत उद्ध्वस्त झालं. आज तिथे सेनेकांचं सांस्कृतिक केंद्र आहे आणि झाडाच्या सालीचं लांबघर पुन्हा बांधलंय. आत शिरलं की धुराचा आणि सालीचा वास येतो, दोन्ही बाजूंना बाजांसारखे ओटे, वर मक्याच्या वेण्या टांगलेल्या. मका, घेवडा आणि भोपळा एकाच आळ्यात लावतात, त्याला 'तीन बहिणी' म्हणतात. मक्याच्या ताटावर घेवडा चढतो, भोपळ्याची पानं जमीन झाकतात. माझी आजी ज्वारीत चवळी नि कारळा टाकायची, मला ती आठवली. आईंना हे नक्की आवडेल.

आणि सलगतेबद्दल: सेनेका ज्या संघातले, तो होदिनोशोनी संघ आणि अमेरिकेचं सरकार यांच्यात १७९४ मध्ये कॅनंडेग्वाला तह झाला. त्या तहात ठरल्याप्रमाणे सरकार अजून दर वर्षी त्यांना कापड पाठवतं. कापडाचा तुकडा लहान झालाय, पण ते लोक तो घेतात, कारण घेतला म्हणजे तह जिवंत आहे. दर ११ नोव्हेंबरला कॅनंडेग्वाला जमतातही.

आणखी एक. त्या भागातून जाताना रस्त्याकडेला निळ्या पाट्या दिसतील, पिवळ्या अक्षरांच्या. बऱ्याच पाट्यांवर 'सलिव्हन' हे नाव येतं. १७७९ मध्ये जॉर्ज वॉशिंग्टनच्या हुकमाने जनरल सलिव्हन या मुलखात शिरला आणि चाळीसहून जास्त गावं, उभा मका, फळबागा जाळून टाकल्या. सेनेकांच्या भाषेत वॉशिंग्टनचं नाव 'गावं उद्ध्वस्त करणारा' असंच आहे. पाटीवर दोनच ओळी असतात. खाली उतरून समोरच्या शेताकडे बघितलं की मग कळतं, इथे कसली सुपीक जमीन कुणाच्या हातातून गेली ते.

सांजवेळ:

सगळ्यांचा अभ्यास दांडगा आहे, शंका नाही. पण एक विचारू? चार दिवसांच्या सुट्टीत दफनभूमी, जाळलेली गावं, गुलामांची घरं, हे एवढं दुःख कशाला? म्हातारी माणसं नातवंडांसोबत हसत-खेळत राहावीत म्हणून येतात. माझ्या वडिलांना आम्ही गेटिसबर्गची रणभूमी बघायला नेलं होतं. ते संध्याकाळी जेवलेच नाहीत.

वऱ्हाडी_माणूस:

सांजवेळताई, तुमचं म्हणणं उडवून लावायचं नाही. पण माझा अनुभव उलटा आहे, म्हणून लिहितो.

आम्ही अमरावतीकडचे, घरी कापूस. ह्यूस्टनहून आई-बाबांना घेऊन मिसिसिपीच्या काठाने वर गेलो. लुइझियानात व्हिटनी प्लँटेशन बघितलं. बाकीच्या मळ्यांवर मालकाचा वाडा दाखवतात, झुंबरं, पियानो. इथे राबणाऱ्यांच्या झोपड्या दाखवतात, आणि दगडी भिंतींवर त्यांची नावं कोरलेली आहेत. बाबा पाऊण तास नावं वाचत होते. पुढे व्हिक्सबर्गला गेलो. नदीच्या वळणावरचा उंच कडा, खालून येणारी प्रत्येक बोट तोफेच्या टप्प्यात. अमेरिकेच्या यादवी युद्धात ४ जुलै १८६३ ला ते गाव पडलं आणि पाठोपाठ अख्खी मिसिसिपी उत्तरेकडच्यांच्या हातात आली.

तिथे मी बाबांना सांगितलं, या युद्धात इथला कापूस अडला म्हणून इंग्लंडच्या गिरण्या आपल्या कापसाकडे वळल्या. वऱ्हाडात भाव चढले, मुंबईत पैशाचा पूर आला, बॅकबेमध्ये भर घालायच्या कंपन्यांचे शेअर्स वेड्यासारखे वर गेले, आणि १८६५ मध्ये इथलं युद्ध थांबल्यावर सगळं धाडकन कोसळलं.

बाबा बराच वेळ गप्प होते. मग रस्त्यालगतच्या शेतात उतरले, एक बोंड हातात घेतलं, सरकी दाबून बघितली आणि म्हणाले, "धागा आपल्यापेक्षा लांब आहे." रात्री हॉटेलात त्यांनी मला प्रथमच त्यांच्या आजोबांच्या जिनिंगची गोष्ट सांगितली. सतरा वर्षांत सांगितली नव्हती. जेवलेही व्यवस्थित.

हडसनकाठ:

सांजवेळ, मी म्हणेन एका दिवशी एकच जड जागा ठेवावी आणि तिच्यापाठोपाठ पाणी किंवा डोंगर. ऑबर्ननंतर तळ्याकाठी तासभर बसायचं. तिथे हिमनद्यांनी खरवडलेली अकरा लांबोडकी तळी आहेत, त्यांना फिंगर लेक्सच म्हणतात. असं केलं की मन गुदमरत नाही.

पण ऑबर्न टाळू नका. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेतल्या लोकांना, त्यांनी गुलामांना दास्यातून मोकळं केलं म्हणून. पुण्यात बसून त्यांनी ज्या कामाला हात जोडले ते काम करणारी एक बाई या घरात राहत होती. मी टबमनच्या अंगणात उभी राहिले तेव्हा मला ती अर्पणपत्रिका आठवली आणि रडू आलं. त्याला मी दुःख नाही म्हणणार.

सांजवेळ:

हे माहीत नव्हतं. जाईन. वडिलांनाही विचारीन, त्या दिवशी गेटिसबर्गला त्यांच्या मनात काय आलं होतं. कधी विचारलंच नाही.

सुगरणबाय:

जेवणाचं कुणीच बोलत नाही म्हणून मी बोलते. तिखटामिठाच्या पुऱ्या, दशम्या, शेंगदाण्याची कोरडी चटणी आणि छोटी इलेक्ट्रिक किटली. एवढ्यावर पाच दिवस निघतात. पण सगळं घरचंच खाऊ नका. सिरॅक्यूस म्हणजे मिठाचं गाव, एके काळी खाऱ्या झऱ्यांचं पाणी आटवून तिथे मीठ काढायचे. मिठागरावरचे कामगार त्याच उकळत्या खाऱ्या पाण्यात छोटे बटाटे टाकायचे. अजून मिळतात, 'सॉल्ट पोटॅटो' म्हणून. सालीवर मिठाची पांढरी साय, आत लोण्यासारखे मऊ, वर वितळलेलं लोणी. शाकाहारी माणसाला इतिहासाचा एवढा चांगला घास दुसरीकडे मिळणार नाही.

आणि सप्टेंबरात जाताय, तर रस्त्याकडेच्या टपऱ्यांवर कॉन्कॉर्ड द्राक्षं घ्याच.

गडवाट:

अवांतर: पश्चिमेकडे जाणाऱ्यांसाठी लिहून ठेवतो, भटकभवानींना मेमध्ये उपयोगी पडेल.

कोलोरॅडोत मेसा व्हर्डी. कड्याच्या कपारीत बांधलेली घरं, क्लिफ पॅलेसमध्ये दीडशेच्या आसपास खोल्या. लेण्यांची आठवण येते, पण लेणी कोरलेली, ही दगडावर दगड ठेवून बांधलेली. बांधणारे लोक तेराव्या शतकाच्या अखेरीस मोठा दुष्काळ पडला तेव्हा दक्षिणेकडे निघून गेले. 'नाहीसे झाले' असं म्हणू नका. होपी, झुनी, आकोमा, ताओस इथले आजचे लोक त्यांचेच वंशज आहेत आणि त्यांना तो शब्द टोचतो. क्लिफ पॅलेसच्या आत जायला रेंजरसोबतचं तिकीट लागतं, शिड्या चढाव्या लागतात, उंची सात हजार फुटांच्या आसपास. गुडघेवाल्यांनी समोरच्या कड्यावरून बघावं, तेही सुंदर दिसतं.

ॲरिझोनात कॅन्यन डी शे. नावाहो लोकांचा मुलूख, दरीच्या तळाशी अजून त्यांची कुटुंबं शेती करतात. वरच्या रस्त्यावरून आपलं आपण बघता येतं, तळाशी जायचं तर नावाहो वाटाड्याच हवा. १८६४ मध्ये सैन्याने त्यांची पीचची झाडं तोडली, लोकांना शेकडो मैल चालवत न्यू मेक्सिकोत नेऊन कोंडलं. १८६८ मध्ये तह करून ते परत आले. कोयनाकाठ, स्वतःच्या मुलखात परत येण्याचा तह मिळवलेले लोक आहेत हे. आमचा वाटाड्या आम्हाला त्याच्या आजीचं शेत दाखवत होता.

एक व्यवहाराची गोष्ट: ॲरिझोना उन्हाळ्यात घड्याळ पुढे करत नाही, नावाहो नेशन करतं. वेळ ठरवली असेल तर कुणाच्या घड्याळाने ते विचारून घ्या. आमचा एक तास हुकला होता. आणि २०२६ पासून राष्ट्रीय उद्यानांच्या पासचे दर परदेशी पाहुण्यांसाठी वेगळे झालेत, तेही बघून निघा.

पूर्वरंग:

नायगाऱ्याला टूर बसने जाणाऱ्यांना कळकळीची विनंती, जाऊ नका. माझ्या आईला एका बस कंपनीने पाठवलं. धबधब्यापाशी चाळीस मिनिटं, आणि रस्त्यातल्या भेटवस्तूंच्या दुकानात दीड तास. आईने घरी येऊन विचारलं, "नायगारा कुठल्या बाजूने पडत होता गं?" मला अजून वाईट वाटतं. पुन्हा न्यायचं राहूनच गेलं, ती आता इतका प्रवास करू शकत नाही.

हडसनकाठ:

पूर्वरंग, नको असं वाटून घेऊ.

निळीशाई, न्यूयॉर्क राज्याच्या उद्यानांना राष्ट्रीय पास चालत नाही, गाडीमागे वेगळे पैसे द्यावे लागतात. आणि छोटी स्मारकं आठवड्यातले काही दिवस बंद असतात, निघण्याआधी फोन करा. वॉटकिन्स ग्लेनला एकोणीस धबधबे एकाच घळीत आहेत, पण आठशेवर पायऱ्या, त्याही ओल्या. आईंसाठी त्यापेक्षा जेनेसीच्या दरीतलं लेचवर्थ उद्यान बरं, गाडीतून उतरून कठड्यापाशी दहा पावलं.

निळीशाई:

*(तीन आठवड्यांनी)*

जाऊन आलो. उशीर झाला, पण तुम्हा सगळ्यांना सांगितल्याशिवाय मला चैन पडेना.

पोकीप्सीला पाऊस होता. आईने आमच्या अंगणातली झेंडूची चार फुलं ओल्या फडक्यात गुंडाळून आणली होती. जागा सापडायला थोडं फिरावं लागलं, आजूबाजूला सगळे कार्पेंटर, आणि मध्ये ते नाव. दगडावर शेवाळ्याचे हिरवट ठिपके होते. बाबांनी खिशातला रुमाल काढला, पावसाच्याच पाण्याने अक्षरं पुसली आणि मोठ्याने वाचली, वर्गात वाचायचे तशी. शिकायला म्हणून भारत सोडणारी पहिली ब्राह्मण स्त्री, असं त्यावर लिहिलंय. आईने फुलं ठेवली आणि म्हणाली, "एवढ्याशा पोरीला थंडी किती वाजली असेल." मग आम्ही तिघं छत्र्यांखाली तसेच उभे राहिलो. पुलावर गेलो तेव्हा पाऊस थांबला होता, हडसनवर धुकं होतं, खालून एक मालगाडी गेली ती बराच वेळ जातच होती.

ऑबर्न, सेनेका फॉल्स तुम्ही सांगितलं तसंच. तळ्याकाठी बसलो. आईने कॉन्कॉर्ड द्राक्षं पहिल्यांदा खाल्ली. दाताखाली दाबलं की गर सुटून घशात जातो आणि साल जिभेवर राहते, तिला ते नाशिकच्या द्राक्षांपुढे फार विचित्र वाटलं, तरी सगळा पुडा तिनेच संपवला. बिया कागदात बांधून ठेवल्यात. विमानातून नेता येणार नाहीत म्हणून सांगितलंय.

गानोंडागनला ती 'तीन बहिणीं'च्या वाफ्यापाशी बसली ती उठेना.

लॉकपोर्टला एक छोटी बोट वर चढताना मिळाली. नव्या मोठ्या लॉकमध्ये ती शिरली, मागे दार मिटलं, आणि मग काहीच होत नाही असं वाटलं. बाबांनी भिंतीवरच्या ओल्या रेषेवर नजर ठेवली होती. "बघ, बघ, रेघ बुडाली." बाजूलाच जुने पाच लॉक, दगडी, अरुंद. बाबा तो जिना मोजत वरून खाली गेले आणि पुन्हा वर आले. खडकवेडा, तुम्ही सांगितलेलं मी त्यांना तिथेच वाचून दाखवलं. दुसऱ्या दिवशी नायगाऱ्याला पोचल्यावर त्यांनी आधी पाण्याकडे नाही, पाण्याच्या बाजूच्या खडकाकडे बोट दाखवून आईला दोन थर समजावले.

आणि एक जागा इथे कुणी सांगितली नव्हती ती मी सांगते. नायगारा नदी जिथे ओंटारिओ सरोवराला मिळते तिथे फोर्ट नायगारा आहे. तुमच्या-आमच्या जयगडासारखा, पाण्याच्या तोंडावर बसलेला. १७२६ मध्ये फ्रेंचांनी आत दगडी इमारत बांधली, पण घरासारखी दिसेल अशी, म्हणजे होदिनोशोनींना किल्ला बांधतोय असं वाटू नये. विहीर इमारतीच्या आत! बाबांनी विहीर बघितली आणि पहिला प्रश्न विचारला, "वेढा किती दिवस टिकला?" फ्रेंच शिपायाच्या पोशाखातला विशीतला मुलगा होता, तो म्हणाला, एकोणीस दिवस, जुलै १७५९. बाबा म्हणाले, याच भांडणात सहा महिन्यांनी आमच्या देशात वांदिवाशला इंग्रजांनी फ्रेंचांना हरवलं. त्या मुलाने वांदिवाश हे नाव वहीत लिहून घेतलं. मग बाबांनी त्याला पन्हाळ्याचा वेढा सांगितला, चार महिने, पाऊस, पालखी, बाजीप्रभू. त्यांच्या वाईच्या इंग्रजीत. मुलगा बंदूक भिंतीला टेकवून ऐकत होता. तटावरून सरोवरापलीकडे टोरंटोच्या इमारती पुसट दिसत होत्या.

लेचवर्थला पोचेपर्यंत अंधार पडत आला, धड बघणं झालं नाही. ते राहिलं.

कोयनाकाठ:

वांदिवाशचं वाचून अंगावर काटा आला. फोर्ट नायगारा माझ्या घरापासून चार तास आहे. या शनिवारी निघतो. सकाळी किती वाजता उघडतो?

निळीशाई:

आम्ही दहाच्या सुमाराला आत होतो. सकाळीच जा, बंदुकीचं प्रात्यक्षिक चुकवू नका. आणि दादा, स्वेटर न्या. सरोवरावरून वारा फार येतो.

गडवाट, बाबांनी तुमचा कहोकियाचा प्रतिसाद माझ्याकडून कागदावर उतरवून घेतलाय. ते विचारताहेत, टोपल्यांनी माती वाहिली हे कसं कळलं? टोपल्या तर कुजून गेल्या असतील.

गडवाट:

काकांना नमस्कार सांगा. टोपल्या गेल्या, पण माती प्रत्येक वेळी वेगळ्या जागेवरून यायची, काळी, पिवळी, करडी. चौथरा कापल्यावर आत एकेका टोपलीचा ढीग वेगळ्या रंगाचा डाग होऊन दिसतो, गोधडीच्या ठिगळांसारखा. एका माणसाच्या डोक्यावरचं एक ओझं, हजार वर्षांनी तसंच.

मार्चपर्यंत असतील ना ते इकडे? या. विमानतळावर मी घ्यायला येतो.